एका बादलीत किती संगणक

आत-बाशीच्या शाळेत भट्टी सांभाळतो मी.
भिंतीवर घड्याळ आहे, पण जानेवारीत ते मागे पडतं,
म्हणून वेळ मी बादल्यांत मोजतो.
एक बादली कारा-केचेचा कोळसा
म्हणजे पन्नास मिनिटांची ऊब.
खिंडीतून वारा सुटला, तर चाळीसच.

पहिल्या संगणकाला दोन बादल्या लागल्या.

कनिशाय, आमची नवी बाई,
बोटं कापलेले हातमोजे घालून बसली होती.
"लिनक्स टाकतेय, तोकतोसुन आके.
जुन्या यंत्रांना झेपेल असं. हलकं आहे."
हलकं!
निळी पट्टी डावीकडून निघाली
आणि त्र्याहत्तर टक्क्यांवर अशी थांबली
जशी माझी घोडी थांबते पुलाच्या तोंडाशी.
ओढा, शिव्या घाला, साखर दाखवा,
ती आपली पाण्याकडे बघते.

मागे एकोणीस यंत्रं रांगेत,
बिश्केकच्या कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेली.
एकाच्या कळफलकात अजून बिस्किटाचा चुरा.
वीस दुणे चाळीस बादल्या,
आणि शेडमध्ये मार्चअखेरपर्यंतच्या एकशे दहा.
संगणकातलं मला काही कळत नाही,
हिशेब कळतो.

विचारलं, घोडं पेंड कुठं खातंय?
तिलाही सांगता येईना.
दुसऱ्या रात्री वही घेऊन बसली.
ती मिनिटं लिहायची, मी राख चाळायचो.

फाइली उतरायला सात मिनिटं.
त्या तर पेनड्राइव्हवरच होत्या, खिशातल्या अक्रोडासारख्या.
बाकीचा सगळा वेळ ते यंत्र
डोंगरापलीकडून, कुठल्या जर्मन गावातल्या कपाटातून
भाषांचे गठ्ठे मागवत होतं,
दुरुस्त्यांवरच्या दुरुस्त्या मागवत होतं,
आमच्या त्या तारेवरून,
जिच्यावर हिवाळ्यात साधं पत्रसुद्धा
काठी टेकत येतं.
अजून डोळे उघडले नाहीत पोराचे,
आणि बारशाचे कपडे परगावाहून!

ती उठली. तार उपटली.
पट्टी दचकली,
तांबड्या अक्षरांत एक तक्रार लिहिली
आणि सुटली.
बावीस मिनिटं.

मग बाईंना चटकच लागली.
पेनड्राइव्हला खाच निळी हवी,
काळी रेंगाळते.
म्हटलं, रंग मला ओळखता येतात, हे काम माझं.
गरगरणाऱ्या जुन्या डिस्का काढल्या,
नव्या चपट्या बसवल्या, पत्त्यांच्या जोडाएवढ्या.
तालुक्यानं आठच दिल्या,
बाराजणांना गरगरतच राहावं लागलं.
आणि पहिल्या यंत्राला केलं पाणक्या.
रात्रभर त्यानं एकट्यानं
डोंगरापलीकडून दुरुस्त्या वाहून आणायच्या,
बाकीच्यांनी सकाळी त्याच्या हंड्यातून घ्यायच्या.
इतकी सोपी गोष्ट.
आमच्या गावात झरा लांब होता
तेव्हा आम्हीही हेच करायचो.

शेवटी आठही चपटे अकरा मिनिटांवर आले.
एका बादलीत चार.
गरगरणारे बारा, त्यांचं विचारू नका.
शेडच्या दारावर खडूनं मांडून ठेवलंय सगळं,
तालुक्याचा माणूस आला तर दाखवीन.

एकच राहिलं होतं.
तार उपटल्यामुळे सगळी यंत्रं इंग्रजी बोलत होती.
कनिशाय म्हणाली, एक गठ्ठा मात्र आणायलाच हवा.
पाणक्याला पुन्हा तार जोडली.
किरगिझ भाषा आली, पाऊण बादलीत,
तीही अर्धीमुर्धी.
अर्ध्या याद्या इंग्रजीत तशाच लोंबकळत होत्या,
कुणा शहाण्यानं काम मध्येच सोडल्यासारख्या.

पण खालच्या कोपऱ्यात, बंद करायच्या बटणावर,
शब्द होता ओचुरू.
विझव.
रोज संध्याकाळी भट्टीला मी हेच म्हणतो.

ती म्हणाली, दाबून बघा, आके.
मी बादलीत डोकावलो.
तळाला अजून दोन मुठी कोळसा होता.